फुलांना मंगळवार माहीत नसतो

अगं सायली, फोन ठेवू नकोस. आधी ऐक, आत्ता काय झालं ते. मी चिखलीत आहे, दवाखान्याच्या बाहेर पायरीवर बसलेय. कावेरी आत आहे. कावेरी म्हणजे माझ्या क्लासमधली, सातवा महिना चालू, पहिलंच. तुझ्यासारखीच पहिलटकरीण गं, फक्त तू पुण्यात आणि ती इथून जीपने पाऊण तासावरच्या गावात. डॉक्टर म्हणालेत, थांबा. म्हणून थांबलेय.

आणि हो, तू मागच्या आठवड्यात विचारलं होतंस ना, गरोदरपणाचा क्लास नेमका कधी लावू, चौथ्यात की सहाव्यात, शनिवारची बॅच बरी की रविवारची? मी उत्तरच दिलं नाही. तुला वाटलं असेल, बिझी आहे. बिझी नव्हते गं. मला उत्तर येत नव्हतं. मी फिजिओथेरपिस्ट, संस्थेने मला जूनपासून इथे पाठवलंय तेच मुळी पहिलटकरणींचे क्लास घ्यायला, आणि चार महिने झाले, मला एवढंच ठरवता आलेलं नाही की पहिलटकरणीने क्लासला यायचं कधी.

इथले किस्से मनात साठतात कसे माहितेय? इथे कापसाच्या शेतातून चालून आलं ना, की ओढणीला बारीक बारीक तंतू चिकटून येतात. झटकले तरी चार राहतातच. रोज संध्याकाळी मी ओढणी झटकते आणि रोज चार राहतात. आज मात्र तुला सगळे सांगते. नाहीतर मी इथे रडेन, आणि समोर लोक बसलेत.

* * *

पहिलाच दिवस. आमच्या पुस्तिकेत छापलेलं, पहिला वर्ग चौथ्या महिन्यात. एकूण सहा वर्ग, दर मंगळवारी, सकाळी अकरा. मी अंगणवाडीत सतरंज्या अंथरल्या, भिंतीला तक्ते लावले, प्लास्टिकची बाहुली मांडली. अकरा वाजले. एकही गरोदर बाई नाही.

सव्वाअकराला पाच जणी आल्या. पाचही सासवा.

शमीम भाभी माझ्याबरोबर होती. शमीम भाभी म्हणजे गावची आशा वर्कर. गावातलं प्रत्येक पोट तिला पाठ आहे. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, मुली कुठायत? ती म्हणाली, पाचवा लागल्याशिवाय इथं कुणी तोंडातून काढत नाही, नजर लागते. मी म्हटलं, पण तुम्हाला तर माहीत असेल ना कोण कोण आहे ते?

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "पन त्यायले माहीत नाही ना, का मले माहीत हाय."

मग काय करणार, सासवांचाच क्लास घेतला. कमरेचे व्यायाम, पाठीचे, घोटे गोल फिरवायचे, भिंतीला टेकून बसायचं. पाचही जणींनी अगदी मन लावून केलं. शेवटी एक आजी माझा हात धरून म्हणाली, "बाई, हे सुनायसाठी ठिवू नका. माह्या गुडघ्याले लय बरं वाटून राह्यलं."

पुढच्या मंगळवारी अकरा सासवा आल्या. मी संस्थेला रिपोर्ट पाठवला, उपस्थिती अकरा. तिकडून शाबासकी आली.

* * *

बरं, मी म्हटलं पाचव्यात सांगतात तर पाचव्यात सुरू करू. एवढं काय. पण सातव्यात इथे ओटी भरतात आणि मुलीला माहेरी पाठवतात, कारण पहिलं बाळंतपण माहेरचं. म्हणजे पाचव्याआधी ती गरोदरच नाही, आणि सातव्यानंतर ती गावातच नाही.

तर मी विचार केला, राहिलेलं माहेरी शिकवू. फोन आहेत, आपण एकविसाव्या शतकात आहोत. एका मुलीच्या आईला फोन लावला, म्हटलं, तुमच्या गावातल्या आशाताईंशी बोलते, उरलेले दोन वर्ग तिकडे करून घेऊ. आई शांतपणे म्हणाली, "सासरी लय राबली ते. माह्याकडं आराम कराले येऊन राह्यली, शाळा कराले नाही."

सासरच्यांना विचारलं तर ते म्हणणार, आता काय शिकवायचं ते माहेरच्यांनी बघावं. म्हणजे कळतंय ना तुला? ही मुलगी कुणाचीच विद्यार्थिनी नाही.

मी खोलीवर भिंतीला मोठं कॅलेंडर लावलं, ह्या बॅचच्या मुलींचे महिने रंगीत पेनांनी आखले. पाचवा ते सातवा, दोन महिने मोकळे. सहा मंगळवार बसत होते त्यात, वर दोन उरतही होते. मी ते शमीम भाभीला दाखवलं, खूप खुशीत. तिने चष्मा वर केला, कॅलेंडरजवळ गेली, आणि म्हणाली, "हे दोन म्हयने? हे तर क्रॉसिंगचे हायेत."

* * *

क्रॉसिंग काय ते तुला सांगायला हवं, नाहीतर तुला काहीच कळणार नाही. मलाही माहीत नव्हतं. आपल्याला वाटतं बीटी कापसाचं बी कुठल्यातरी लॅबमध्ये तयार होतं. नाही गं. ते ह्या मुली तयार करतात, बोटांनी.

बियाण्याचा प्लॉट असतो. एका बाजूला नराची झाडं, बाकी सगळी मादीची. दुपारनंतर मादीच्या झाडांवरच्या उद्या उमलणाऱ्या कळ्या शोधायच्या आणि नखाने सोलायच्या, म्हणजे तिचा स्वतःचा पराग तिला लागणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तोडायचं आणि त्या सोललेल्या कळीला हलक्या हाताने लावायचं, आणि झालेल्या कळीची खूण म्हणून लाल दोरा बांधून ठेवायचा. एक कळी झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. एक दिवस गेला की त्या दिवसाची फुलं गेली. दोन महिने रोज. रविवार नाही, सण नाही, पाळी नाही, पोट नाही.

कावेरीचं घर असाच एक प्लॉट करतं. तिचे सासरे उत्तमराव. गेल्या वर्षी त्यांच्या साध्या कापसाची बोंडं बोंडअळीने आतून पोखरली. झाडं बाहेरून इतकी हिरवी दिसायची म्हणे, की रस्त्याने जाणारे थांबून चौकशी करायचे, कोणतं बी लावलं म्हणून. आत काही नाही. म्हणून ह्या वर्षी सगळी भिस्त ह्या एका प्लॉटवर. मी त्यांना भेटायला गेले, अगदी नम्रपणे म्हटलं, फक्त मंगळवारी एक तास मुलींना सोडा. त्यांनी हात जोडले. माझ्यापेक्षा नम्र माणूस गं.

"सोडलं असतं म्याडम," म्हणाले. "पन फुलाले मंगळवार माहीत नाही ना."

* * *

ह्यावरून आठवलं. एका मंगळवारी पाऊस लागला, सकाळी काम थांबलं आणि देवाच्या कृपेने सात मुली अंगणवाडीत आल्या. कावेरी त्यातलीच. बारीक, काळीसावळी, कमी बोलणारी, पण बोलली की सगळ्या हसायच्या.

त्या दिवशी माझा विषय होता गर्भ कसा राहतो. मी आदल्या दिवशी आरशासमोर प्रॅक्टिस केली होती, काय शब्द वापरायचे, कुठे थांबायचं, त्या लाजल्या तर काय. दार लावून घेतलं. तक्ता उलगडला. स्त्रीबीज, पुरुषबीज, त्यांचं मिलन. मी घामाघूम. मुली माझ्याकडे बघतायत, तक्त्याकडे बघतायत, एकमेकींकडे बघतायत.

शेवटी एक वीस वर्षांची मुलगी म्हणाली, "म्हंजे क्रॉसिंगच ना?"

मी म्हटलं, हो, साधारण तसंच.

"मंग ते आमी रोज हजार करतो."

आणि कावेरी, मान खाली घालून, सतरंजीचा दोरा ओढत म्हणाली, "फक्त आपल्याले कोनी लाल दोरा नाही बांधत. म्हून तारीख चुकते."

अगं, अंगणवाडीचे पत्रे हलले त्या हसण्याने. मीपण हसले. पण खरं सांगू? त्या सातपैकी तिघींना खरंच तारीख माहीत नव्हती. कावेरीला माहीत होती. तिने दिवस मोजून ठेवले होते. म्हणाली, मले मोजायची सवय हाय.

* * *

हा छोटा आहे. एका म्हातारीने मला विचारलं, तुम्हाले किती? मी म्हटलं पंचवीस पूर्ण. ती म्हणाली, वय नाही, लेकरं किती? मी म्हटलं, लग्न नाही झालं अजून. म्हातारी शमीम भाभीकडे वळून हळूच म्हणाली, "मंग हे कोनाचं पाहून शिकवते?"

शमीम भाभी पान लावत होती. मान वर न करता म्हणाली, "येस्टीच्या डायवरची सवताची येस्टी असते का? बस ना गुपचूप."

* * *

शेवटी मीच प्लॉटवर जायला लागले. मुली येत नाहीत तर क्लास जाईल. दुपारी एक ते दीड जेवणाची सुट्टी, बांधावर बाभळीखाली. मी उभी राहून शिकवणार, त्या भाकरी खाणार. श्वासाचे व्यायाम घेतले एकदा. म्हटलं, नाकाने खोल श्वास घ्या, तोंडाने हळू सोडा. सगळ्यांच्या तोंडात भाकरी. एकीला ठेच्याचा ठसका लागला, तिची पाठ थोपटण्यात दहा मिनिटं गेली.

त्यातही शेजारच्या वावरात फवारणी चालू असायची. वारा इकडे फिरला की आम्ही डबे उचलून पलीकडच्या बांधावर. परत फिरला की परत. एका दुपारी तीनदा जागा बदलली. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा माझ्या पुस्तिकेतला पुढचा मुद्दा होता, गरोदर स्त्रीने रोज सकाळी मोकळ्या हवेत फिरावं. मी वाचून मोकळी झाले. छापलेलं असतं ना, वाचलं जातं.

कावेरीने घास खाली ठेवला आणि अगदी सिरीयसली विचारलं, "कोनत्या वावरात, म्याडम?"

मी त्या दिवशी संस्थेला लिहिलं की पुस्तिका बदला. उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत विचार करू.

* * *

आता कावेरीच्या घरचा. हा ऐकून तू हसशील, मीपण हसले होते.

घरात दोनच माणसं. सासू दीड वर्षापूर्वी गेली, नवरा औरंगाबादला कंपनीत, महिन्यातून एकदा येतो. राहिले उत्तमराव आणि कावेरी. आणि इथे सासरा सुनेशी सरळ बोलत नाही, तिच्याकडे मान वर करून बघत नाही. तीही पदर ओढून बाजूला होते. सासू होती तोवर सगळे निरोप सासूमार्फत जायचे. सासू गेली, तर आता निरोप कोण नेणार?

वासरू.

मी तुझी शपथ घेऊन सांगते. मी कावेरीला तपासायला पाठवा म्हणून घरी गेले होते. बीपीचं मशीन नर्सबाईंकडे, नर्सबाई उपकेंद्रात बुधवारी सकाळी, आणि सकाळ फुलांची. तर म्हटलं एखादा बुधवार तरी द्या. उत्तमराव ओसरीवर बसलेले, खुंट्याला वासरू. मला बघून वासराला म्हणाले, "म्याडम आल्या बरं. चहा टाका म्हना."

आतून कावेरीचा आवाज, मांजराला वगैरे बोलावं तसा, "साखर सरली म्हना."

उत्तमराव वासराला, "शेजारून आनतो म्हना."

वासरू वैरण खात होतं. मग मी बुधवारचं काढलं. उत्तमरावांनी वासरापुढची वैरण सारखी केली. मग वासराच्या पाठीवरून हात फिरवत त्याला म्हणाले, "तुले जावंसं वाटते का बुधवारी?" आतून उत्तर आलं, "क्रॉसिंग झाल्यावर जाईन म्हना. मले काही होत नाही." झालं. मीटिंग संपली.

निघताना मी वासराला म्हटलं, येते मी. उत्तमराव पहिल्यांदा हसले. म्हणाले, "तिची सासू असती तर तिनं कान धरून नेलं असतं. आमचं हे असं हाय, म्याडम."

* * *

आणि आता आजचं.

आज सहावा क्लास होता. शेवटचा. पुस्तिकेत धोक्याची लक्षणं सहाव्या वर्गात आहेत. मला पहिल्यापासून धाकधूक होती, की सहाव्यापर्यंत ह्या पोरी टिकायच्या कशा, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा वर्ग. मी स्वतः उलटा क्रम का नाही केला, हे मला विचारू नकोस, दुपारपासून मी तेच विचारतेय स्वतःला. कावेरीचा भाऊ धामणगाव बढ्याहून तिला माहेरी न्यायला येणार होता, पण क्रॉसिंगचे बारा दिवस राहिलेत म्हणून त्याला थांबवलं होतं. म्हणजे आज ती क्लासला असणार, ह्या एका गोष्टीवर मी खूश होते.

एक वाजला. बांधावर पाच मुली आल्या. कावेरी नाही. प्लॉटमध्ये वाकलेली दिसत होती, लांब, एकटीच. सुट्टीतही.

आणि बांधावरून उत्तमराव चालत आले. मुलींनी झटकन पदर घेतले, बोलणं बंद. ते आमच्याकडे पाठ करून बसले, तोंड रस्त्याकडे. आणि रस्त्यालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "तिचा हात हलका हाय. तिनं लावलेलं फूल गळत नाही, बाकीच्यायचं अर्धं गळते. बारा दिवस राह्यलेत. तिले सुट्टी नाही देता येत, म्हून मी आलो. काय ते मले सांगा. मी ध्यानात ठिवतो."

शमीम भाभीने माझ्याकडे बघितलं. मी शमीम भाभीकडे. साठीच्या पुढचा माणूस, गरोदर बायकांच्या क्लासला, पाठमोरा. ह्याच्यावर पुस्तिकेत काहीच नाही. मी सुरू केलं. अंगावरून रक्त जाणं. पाणी जाणं. बाळाची हालचाल कमी होणं. ते प्रत्येकाला एक बोट मिटत होते. त्यांची मान लाल झाली होती, पण उठले नाहीत. सतत डोकं दुखणं. डोळ्यांसमोर अंधारी येणं. हातापायावर, तोंडावर सूज.

"थांबा," ते म्हणाले. "पायावर?"

मी म्हटलं, हो.

"दोन्ही?"

हो.

मिटलेली बोटं तशीच. मग म्हणाले, "पोळ्यापासून हाय."

सायली, पोळा होऊन महिना झाला. मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? म्हणजे मी वेड्यासारखं विचारलं, तुम्ही तर तिच्याकडे बघतही नाही.

"तोंडाकडं नाही पाहत," ते म्हणाले. "खाली पाहतो. पाय तेवढे दिसतेत. पोळ्याले बैलाची पूजा कराले आली तवा जोडव्याच्या वर मांस आलं व्हतं. मंग जोडवेच काढून ठिवले तिनं. मले वाटलं पहिलटकरनीले होत असंल. इचारू कोनाले?"

मुली सगळ्या खाली बघत होत्या. भाकऱ्या तशाच. मी उठले, तर ते पहिल्यांदा अर्धे वळले, पण नजर जमिनीवरच. "आत्ता न्यावं लागते का?"

मी म्हटलं, आत्ता.

त्यांनी एकदा प्लॉटकडे बघितलं. मग मान हलवली. जीप सांगतो म्हणाले. दोन पावलं गेले आणि परत आले.

"म्याडम, मी सांगतलं म्हून तिले सांगू नका."

नशिबाने नर्सबाई आज लसीकरणासाठी गावात होत्या, शमीम भाभीने धावत जाऊन त्यांना बोलावलं. कावेरीला बाभळीखाली बसवलं. ती हसत होती गं, काय झालं म्याडम, मले काही होत नाही. नर्सबाईंनी पट्टा बांधला, मोजलं, सोडला, परत बांधला, परत मोजलं. आकडा मला दाखवला, बीपी खूप वाढलेलं. मग हळू आवाजात विचारलं, डोकं दुखतं का गं? कावेरी म्हणाली, थोडं. केव्हापासून? म्हणाली, ऊन लागत असंल. नर्सबाई म्हणाल्या, दुसरं काही करू नका, सरळ चिखली.

जीपमध्ये मागे मी, कावेरी आणि शमीम भाभी. पुढे ड्रायव्हरशेजारी उत्तमराव. रस्ता तुला माहितेय ना इथला, म्हणजे नाही माहीत, असो. कावेरी माझ्या खांद्यावर टेकली होती. दोन्हीकडे कापूस. मला वाटलं झोपली. तर ती बोलायला लागली. हळू, पण जीप केवढीशी असते.

म्हणाली, "बरं झालं म्याडम, घरी कोनाच्या ध्यानात नाही आलं."

मी तिच्या डोक्यावरचा पदर सावरला.

"मामंजीले समजलं असतं ना, तर त्यायनी त्याच दिवशी प्लॉट सोडून देल्ला असता. मले एक घडी वावरात उभं नसतं राहू देल्लं. त्यायचं तसं हाय. देवमानूस हाय. म्हून तर मी लपवलं. म्हटलं, एवढा प्लॉट निघून जाऊ दे त्यायचा."

पुढे उत्तमरावांची मान. टोपीखालची, उन्हाने रापलेली. हलली नाही. ड्रायव्हरने आरशात एकदा माझ्याकडे बघितलं. शमीम भाभी खिडकीबाहेर बघायला लागली.

आणि मग कावेरीने मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "पन मी तर कोनाले दिसू नाही देल्लं. लुगडं खाली सोडून चालत व्हते. तुमाले कसं समजलं, म्याडम?"

तिला उत्तर हवं होतं गं. ती वाट बघत होती. पुढे ते बसलेले, दोन फुटांवर, त्यांनाही ऐकू जाणार होतं मी काय म्हणते ते.

सायली, खरं सांग. तू तिथे असतीस तर काय सांगितलं असतंस तिला?